पोर्टफोलिओचं बाइंडिंग : वायरो, परफेक्ट का हार्डबाउंड?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अप्लाइड आर्ट यंदा संपलं, इलस्ट्रेशन आणि पॅकेजिंग असं दोन्ही काम आहे, ए३ आडवे २८ कागद, त्यात पाच वॉटरकलर ओरिजिनल, अठरा दिवसांनी मुंबईत लहान मुलांची पुस्तकं करणाऱ्या स्टुडिओत इंटरव्ह्यू आणि पुढच्या महिन्यात बंगळुरूला पॅकेजिंगवाल्यांकडे दुसरा. प्रिंटवाला म्हणतो परफेक्ट करून टाका, सर म्हणतात हार्डबाउंडच पाहिजे, मैत्रीण म्हणते जॅपनीज स्टिच कर भारी दिसतं, आणि तू विचारतेयस यातलं चांगलं कुठलं. वयाने बराच मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नको. पुण्यात शनिवार पेठेत आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, वडलांचं, आता सव्वीस वर्षं मी बघतोय, आणि दर उन्हाळ्यात-पावसाळ्यात तुझ्यासारखी मुलं हाच प्रश्न घेऊन काउंटरला उभी असतात, फरक इतकाच की त्यांचा इंटरव्ह्यू बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी असतो.

ते तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांनीही तुला एक गोष्ट विचारलेली दिसत नाही, की बाई ही पानं उद्या बदलणार आहेत का? मुलांच्या पुस्तकवाल्यांना तुझी चित्रं आधी दिसायला हवीत, पॅकेजिंगवाल्यांना डबे-बाटल्या आधी दिसायला हव्यात. म्हणजे महिन्याभरात क्रम बदलणार, दोन-चार पानं जाणार, दोन-चार नवी येणार. हे एकदा मान्य केलं की निम्मे प्रकार आपोआप बाद होतात, कारण एकदा डिंक लागला की पान बदलता येत नाही, फाडताच येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तक टेबलावर उघडून ठेवल्यावर ते स्वतःहून उघडं राहतं का. आमचे वडील चोपड्या बांधायचे, व्यापाऱ्यांच्या, लाल कापडाच्या लांबट वह्या, दिवाळीआधी महिनाभर घरात सगळ्यांच्या बोटांना तो लाल रंग लागलेला असायचा. दुकानदार गादीवर बसून एका हाताने लिहितो, दुसऱ्या हातात माल नाहीतर पैसे असतात, त्यामुळे चोपडी हाताने दाबून धरावी लागली तर तो ती परत आणून द्यायचा. म्हणून वडील बांधून झालेली चोपडी मधोमध उघडून फरशीवर टाकायचे, हात काढून घ्यायचे आणि बघत बसायचे, मिटते का. मिटली तर उसवायची. मी पोर्टफोलिओला अजून हीच परीक्षा लावतो. इंटरव्ह्यू घेणारा माणूस एका हातात चहाचा कप धरून तुझं काम बघणार आहे, त्याला दुसऱ्या हाताने पान दाबून धरायला लावू नको.

आता तुझ्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी, ज्या मला इथून दिसत नाहीत. कागद नेमका किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे किती जाड) आहे, गुळगुळीत आर्ट कार्ड आहे का खरखरीत टेक्श्चर, प्रिंट एका बाजूला आहे का दोन्ही, आणि पोर्टफोलिओ तिथे ठेवून यायचाय का परत आणायचाय. यातलं एक जरी बदललं तरी माझं उत्तर थोडंफार बदलेल, तेव्हा पुढचं सगळं डोळे झाकून घेऊ नको.

परफेक्टपासून सुरुवात करतो कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. परफेक्ट म्हणजे आपल्या गाइडांना, मासिकांना असतं ते, सगळी पानं एकत्र धरून पाठीकडची कड मशीनवर खरवडतात, गरम ग्लू लावतात आणि वर कव्हर बसवतात. दिसायला एकदम पुस्तक, कण्यावर नाव छापता येतं, स्वस्त आणि दहा मिनिटांत हातात. पण हा ग्लू धरतो कशाला, तर खरवडल्यावर बाहेर आलेल्या कागदाच्या तंतूंना. साध्या मॅपलिथोला, म्हणजे पुस्तकांच्या बिनचकाकी कागदाला, तंतू भरपूर असतात म्हणून कादंबरी वर्षानुवर्षं टिकते. आर्ट पेपरवर मातीसारख्या पावडरीचा गुळगुळीत थर असतो, तिथे ग्लूला धरायला काही नसतं, त्यात तुम्ही मुलं काळा रंग पार कडेपर्यंत नेता, म्हणजे ग्लूला कागद मिळतच नाही, टोनर, म्हणजे छपाईची पावडर-शाई मिळते. आणि कागद जितका जाड तितका तो उघडताना तरफेसारखा पाठीला उचकटतो. २५० जीएसएमचे सुटे कागद परफेक्टला देणं म्हणजे स्वतःहून संकट मागवणं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. धंद्यात नवीन असताना एका आर्किटेक्चरच्या मुलाचं असंच केलं होतं, रात्री साडेनऊला आला, १७० जीएसएमचा ग्लॉसी कागद, बहुतेक पानं काळी, सकाळच्या गाडीने मुंबई. मला मनातून माहिती होतं की हे धरणार नाही, तरी नाही म्हणायचा कंटाळा केला आणि करून दिलं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा पोर्टफोलिओ प्लास्टिकच्या पिशवीत होता. समोरच्या साहेबांनी पुस्तक उघडलं, नीट दिसेना म्हणून आपण मासिक दुमडतो तसं मागे दुमडलं, कट्ट असा आवाज झाला म्हणे आणि मधली पंधरा-वीस पानं साहेबांच्या मांडीवर. पोरगा भांडला नाही, त्याने फक्त पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं की काका आता हे कसं करायचं. पैसे परत दिले, धातूच्या कड्यांचं वायरो बाइंडिंग फुकट करून दिलं, पण तो इंटरव्ह्यू गेला तो गेलाच. तेव्हापासून मी जाड आर्ट कार्डला परफेक्ट करायला सरळ नाही म्हणतो, गिऱ्हाइक शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल.

परफेक्टमध्येही दोन ग्लू असतात हे विचारून घ्यावं. साधा हॉटमेल्ट, ज्याला ईव्हीए म्हणतात, तो गार झाला की कडक होतो. दुसरा पीयूआर, तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस लागतो, पण गुळगुळीत कागदालाही चांगला धरतो आणि पुस्तक बरंच जास्त उघडतं. अडचण अशी की पीयूआरचं मशीन मोठ्या प्रेसकडे असतं आणि एका कॉपीसाठी ते चालू करायला कोणी तयार होत नाही. आणि पीयूआर असलं तरी पाठीजवळचा दोन्हीकडचा सेंटिमीटरभर भाग घडीत जातोच, तुझ्या इलस्ट्रेशनमधल्या माणसाचं नाक नेमकं तिथे असलं तर गेलं.

सरांचं हार्डबाउंड. इथे एक गोंधळ आहे, हार्डबाउंड या एका शब्दात दुकानदार दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक म्हणजे कॉलेजच्या थिसिसला करतात ते, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत सगळी सुटी पानं कडेने दाभणाने टोचून आडवी शिवलेली. मजबूत असतं, दहा वर्षं लायब्ररीत पडून राहिलं तरी काही होत नाही, पण उघडत नाही, पाव पान शिलाईत गेलेलं असतं. दुसरं म्हणजे जुजबंदी. चार-चार, सहा-सहा कागद मधोमध घडी घालून त्यांचे जुज करायचे, प्रत्येक जुज घडीतून शिवायचा, मग सगळे जुज एकमेकांना दोऱ्याने बांधायचे, पुस्ती, म्हणजे कव्हरच्या आतून चिकटतो तो कागद, लावायची आणि मग पुठ्ठ्याचं कव्हर चढवायचं. हे खरं हार्डबाउंड, सपाट उघडतं, टिकतं, हातात घेतलं की माणूस जरा सरळ बसतो. तेव्हा दुकानात गेल्यावर हार्डबाउंड करता का असं विचारू नको, जुजबंदी का साइड शिलाई असं विचार, समोरचा तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

पण तुझ्या बाबतीत जुजबंदीचा घोळ वेगळाच आहे आणि तो बाइंडिंगचा नाही, छपाईचा आहे. घडी घालायची म्हणजे दोन पानं एका कागदावर शेजारी-शेजारी छापलेली पाहिजेत. डिजिटल प्रेसचा नेहमीचा कागद १२ बाय १८ इंच नाहीतर १३ बाय १९. उभ्या ए४ची दोन पानं त्यात आरामात बसतात. आडव्या ए४ची दोन पानं शेजारी ठेवली की रुंदी होते ५९४ एमएम, म्हणजे २३ इंचांच्या वर, बसतच नाही, आणि आडव्या ए३चा तर विचारच सोड. म्हणजे आडवा फॉरमॅट ठरवला त्याच दिवशी तू जुजबंदीवर फुली मारलीस, फक्त तुला कोणी सांगितलं नाही. फॉरमॅट ठरवायच्या आधी बाइंडरला विचारावं असं मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मुलं पीडीएफ घेऊनच येतात.

पर्याय आहे, लग्नाच्या अल्बमसारखं लेफ्लॅट. फोटो लॅबवाले १२ बाय ३६ इंचांचे लांब प्रिंट काढतात, एका बाजूला छापून मधोमध घडी आणि पाठीला पाठ चिकटवत जायचं. एकदम सपाट उघडतं, दोन पानांवरचं चित्र सलग दिसतं, मधे फक्त एक रेष. पण पानं पुठ्ठ्यासारखी जाड होतात, वजन वाढतं, एकही पान बदलता येत नाही, आणि खरं सांगू का, ते कितीही छान केलं तरी उघडणाऱ्याला आधी नवरा-नवरीच आठवतात. दोन पानांवर पसरलेली चित्रं हेच ज्याचं मुख्य काम आहे त्याने करावं. तुझी दोनच आहेत असं तू लिहिलंयस, त्यासाठी एवढा खटाटोप नको.

हार्डबाउंडचं आणखी एक, आत्ता जुलै आहे. पुठ्ठ्याला बाहेरून कापड किंवा कागद चिकटवला की वाळताना तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, आतून पुस्ती चिकटवली की ती उलट ओढते, दोघींची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. त्यासाठी कव्हर किमान एक रात्र दाबाखाली वाळायला हवं, पावसाळ्यात मी दोन रात्री ठेवतो. सकाळी देऊन संध्याकाळी नेलेलं हार्ड कव्हर या हवेत घरी जाईपर्यंत पापडासारखं वाकतं. त्यामुळे तुझ्या अठरा दिवसांतले शेवटचे तीन दिवस बाइंडरचे, असं आजच लिहून ठेव.

मैत्रिणीचं जॅपनीज स्टिच. दिसतं छानच, मलाही करायला आवडतं, चार भोकं, मेणाचा दोरा, तासाभरात होतं. पण ती पद्धत पातळ, मऊ, लवचिक कागदासाठी आहे, दुहेरी घडी घातलेल्या कागदासाठी. जाड कार्ड तसं शिवलंस तर ते उंदराच्या सापळ्यासारखं फाडकन मिटतं, दोन हातांनी दाबून धरल्याशिवाय बघता येत नाही. त्याचा उपयोग कुठे करायचा ते खाली सांगतो.

कोम्ब बाइंडिंग, प्लास्टिकच्या फण्यांचं, ते ऑफिसातल्या रिपोर्टला ठेव. पारदर्शक खिशांची डिस्प्ले फाइल मुलं फार वापरतात कारण पानं बदलता येतात, पण वरच्या ट्यूबलाइटचा चकाकता पट्टा प्रत्येक चित्रावर पडतो आणि तू महागाचा मॅट कागद वापरलास का झेरॉक्स काढलीस हे कोणाला कळत नाही.

मग उरले दोन, बुक स्क्रू आणि वायरो. म्हणजे इथवरचा हिशोब असा, की पानं बदलायची आहेत म्हणून डिंकाचे सगळे प्रकार गेले, फॉरमॅट आडवा आहे म्हणून जुजबंदी गेली, कागद जाड आहे म्हणून जॅपनीज गेलं.

बुक स्क्रू म्हणजे पितळी नाहीतर अॅल्युमिनियमचे दोन भागांचे स्क्रू, एक नळीसारखा भाग आणि एक त्यात फिरणारा. कागदाला दोन किंवा तीन भोकं पाडायची, पुठ्ठ्याच्या कव्हरसकट स्क्रू घालायचा, झालं. दिसायला वायरोपेक्षा खूप देखणं आणि नाण्याने किंवा साध्या पेचकसाने घरच्या घरी पानं बदलता येतात. दोष असा की डावीकडची इंचभर जागा स्क्रूखाली जाते आणि तिथून पुढे प्रत्येक कागदाला क्रीझ, म्हणजे वळण्यासाठी दाबलेली रेष, मारावीच लागते, नाहीतर पान वळताना भोकाशी ताण येतो. क्रीझ मारूनही ते पूर्ण सपाट पडत नाही, थोडंसं कमानीसारखं राहतं. आणि स्क्रूची लांबी गठ्ठ्याच्या जाडीइतकीच पाहिजे. पाच पानं कमी केलीस की गठ्ठा सैल होऊन आत सरकायला लागतो, मग कडेला जाड कागदाच्या पट्ट्या भरून जाडी जुळवावी लागते. ज्यांचं काम एका बाजूला छापलेलं आहे, ज्यांना वर्षभर ठिकठिकाणी पोर्टफोलिओ न्यायचाय आणि डावीकडे इंचभर पांढरं सोडायची ज्यांची तयारी आहे त्यांना मी हेच सुचवतो. तुझी लेआउट फाइल तयार झालेली आहे आणि डावीकडे १५ एमएमच सोडलेत असं तू म्हणतेस, म्हणजे सगळी पानं परत बसवावी लागतील.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत वायरो. नाक मुरडू नको. स्पायरल आणि वायरो एक नाही, स्पायरल म्हणजे प्लास्टिकची एकच तार भोकाभोकांतून फिरत जाते, पानं एकमेकांच्या किंचित वरखाली बसतात. वायरोत दुहेरी धातूची कडी असते, पानं समोरासमोर नीट जुळतात, पूर्ण मागे वळतात आणि वडलांच्या फरशीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास. वायरो स्वस्त दिसतं ते वायरोमुळे नाही, ते ज्या पद्धतीने उरकलं जातं त्यामुळे. चार गोष्टी सांभाळल्या तर तेच काम पाचपट चांगलं दिसतं.

पहिलं कडीचं माप. गठ्ठ्याची जाडी अधिक साधारण ३ एमएम, हा माझा नियम. तुझे २८ कागद २५० जीएसएमचे धरले तर प्रत्येकी पाव एमएमच्या आसपास, म्हणजे ७ एमएम, दोन्ही बाजूंना दीड एमएमचे पुठ्ठे म्हणजे आणखी ३, एकूण १०, त्यात ३ मिळवले की १३. दुकानात मापं इंचात असतात, तुला ९/१६ची कडी लागेल, ती १४ एमएमची. गंमत अशी की इथपर्यंतच्या कड्या इंचाला तीन भोकं अशा असतात, त्यापुढे ५/८पासून इंचाला दोन. तू कागद ३०० जीएसएमचा केलास की हिशोब साडेचौदाच्या आसपास जातो आणि तुला मोठ्या भोकांची, लांब-लांब अंतराची कडी घ्यावी लागते, जी एकदम कॅलेंडरसारखी दिसते. त्यामुळे २५०च्या वर जाऊ नको. खरं तर आठ पानं काढून टाक. २० कागदांना अर्ध्या इंचाची कडी पुरते, आणि कमी पान असलेला पोर्टफोलिओ समोरच्यालाही बरा वाटतो, पण तो तुझा आणि तुझ्या सरांचा प्रांत.

दुसरं भोकं. आडव्या ए४ची डावी कड २१० एमएम, म्हणजे सव्वाआठ इंच, इंचाला तीन या हिशोबाने साधारण २४ भोकं बसतात. मशीनच्या पिना एका ठरावीक अंतरावर असतात, कागद नीट मधोमध लावला नाही तर वरच्या किंवा खालच्या टोकाला अर्धं भोक पडतं, आणि त्या अर्ध्या भोकापासूनच पान फाटायला सुरुवात होते. चांगला बाइंडर टोकाची पिन ओढून बंद करतो. त्याला आधी एका रद्दी कागदावर पंच मारून दाखवायला सांग. मी तरी अशा गिऱ्हाइकावर चिडत नाही.

तिसरं, कडीचा जोड. वायरोची कडी मशीनमध्ये दाबून बंद केली की तिला एक सांधा राहतो. घाईत काम करणारा सगळा गठ्ठा सरळ ठेवून कडी दाबतो, मग तो सांधा मागच्या कव्हरवर बाहेर दिसतो, बोटांना लागतो, स्वेटरच्या बाहीत अडकतो. नीट पद्धत अशी की कडी घालताना मागचं कव्हर उचलून सगळ्यात वर, पहिल्या कव्हरच्या पुढे उलटं ठेवायचं, कडी बंद करायची, आणि मग ते कव्हर फिरवून मागे न्यायचं, म्हणजे सांधा शेवटचं पान आणि मागचं कव्हर यांच्या मधे लपतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुकानात टांगलेली नमुन्याची वही मागून उघडून बघ, सांधा आत असेल तर तो माणूस शिकलेला आहे.

चौथं कव्हर. पारदर्शक प्लास्टिक आणि मागे निळा पुठ्ठा असं काही लावू नको. दीड एमएमचा पुठ्ठा घे, त्यावर टेक्श्चर कागद किंवा बाइंडिंगचं कापड चढवून घे, आतून पुस्ती. दीडच्या वर पुठ्ठा बहुतेक दुकानांतल्या पंचातून जात नाही, दोनचा आग्रह धरलास तर तो ड्रिल मारेल आणि भोकांच्या कडा फुलतील. कडी काळी किंवा पांढरी, चंदेरी नको, ती लाइटमध्ये चमकते.

वायरोचा खरा दोष म्हणजे धातूची कडी दाबली गेली की चपटी होते आणि परत गोल होत नाही, प्लास्टिकची स्पायरल निदान उसळून येते. तू डेक्कन क्वीनने दादरला उतरून पुढे लोकल पकडणार असशील तर पोर्टफोलिओ सॅकमध्ये कोंबू नको, त्याच्या मापाचा साधा पुठ्ठ्याचा डबा करून घे, कडीच्या बाजूला दोन बोटं जागा जास्त ठेवून. पॅकेजिंगचं शिकलीयेस, डबा तूच कर, तोही कामच दिसेल. आणि पानं बदलताना जुनी कडी उचकटून परत वापरायची नाही, नवी लागते, ती काही महाग नसते. दोनदा-तीनदा उघडझाप झाली तरी भोकं तीच राहतात.

मी मघापासून ए४ ए४ म्हणतोय आणि तुझं काम ए३ आहे, कारण ते ए४वर आणावं असं मला वाटतं. आडवा ए३ उघडला की ८४० एमएम होतो, म्हणजे पावणेतीन फूट. त्या टेबलावर लॅपटॉप आहे, पाण्याची बाटली आहे, दुसऱ्या कुणाची फाइल आहे. ए४ उघडून जेमतेम दोन फूट होतो. ए३च ठेवायचा हट्ट असेल तर एका बाजूलाच छाप आणि पान पूर्ण मागे वळवत जा, म्हणजे टेबलावर एकच पान राहतं, वायरोत हे जमतं, बुक स्क्रूत नाही. बारीक काम असलेल्या दोन-तीन चित्रांचे ए३ प्रिंट सुटे ने.

ओरिजिनल वॉटरकलर अजिबात पंच करू नको. तुझा तो प्रश्न वाचून पोटात गोळा आला. स्कॅन करून प्रिंट पोर्टफोलिओत लाव आणि पाचातली दोन-तीन ओरिजिनल वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येकावर एक कागद टाकून ने, विचारलं तर दाखव. माउंट करायचं असेल तर फेव्हिकॉल नाही, सेलोटेप तर नाहीच, फक्त वरच्या कडेला पातळ मजबूत कागदाच्या दोन बिजागऱ्या, मैद्याच्या खळीने. आम्ही पुस्तकांच्या खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालतो, चित्राच्या खळीत तो घालू नको, साधी ताजी खळ कर आणि उरलेली टाकून दे.

कागदाच्या ग्रेनचं, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेचं, एवढंच लक्षात ठेव, की बांबू जसा उभा सहज चिरतो आणि आडवा चिरत नाही तसं कागदाचं असतं. हातात घेऊन दोन्ही दिशांनी हलकेच वाकव, जी घडी कमी जोरात वाकते तिची रेष म्हणजे ग्रेनची दिशा. ती बाइंडिंगच्या कडेला समांतर हवी, मग पान लोळत पडतं, उलटी असली तर प्रत्येक पान ताठ उभं राहतं. प्रिंटवाल्याला छापायच्या आधी सांगावं लागतं, नंतर काही करता येत नाही.

मुंबईवाल्यांनी काम ठेवून जा म्हटलं तर मूळ पोर्टफोलिओ देऊ नको. ए५ची १६ पानी पुस्तिका करून चार-पाच कॉप्या जवळ ठेव, मधोमध दोन पिना, बास. पानं चारच्या पटीत लागतात, आणि घडीवर गडद रंग असेल तर आधी क्रीझ मारून घे, डिजिटलचा टोनर घडीवर फुटतो आणि पांढरी रेष दिसते. इथे तुझ्या मैत्रिणीला कामाला लाव, पातळ खरखरीत कागदावर छापून जॅपनीज स्टिच घातली तर ही पुस्तिका फार गोड दिसेल, आणि ती कुणाला सपाट ठेवून बघायचीच नसते.

दिवसांचं गणित असं बसव. येत्या चार दिवसांत कोऱ्या कागदाची डमी, त्याच जाडीच्या, त्याच मापाच्या कागदाची, कडीसकट. ती टेबलावर उघडून हात काढून बघ, कोणाला तरी समोर बसवून पानं उलटायला लाव. मग फाइल फायनल, मग एकच पान छापून रंग बघ, मग सगळं. प्रत्येक पानाच्या दोन कॉप्या काढ, पंच करताना एक तरी खराब होतेच, आणि बंगळुरूला जाताना उरलेल्या कॉप्या उपयोगी पडतील. कव्हरचे पुठ्ठे छपाई चालू असतानाच बाइंडरकडे दे म्हणजे ते निवांत वाळतील.

कव्हर पांढरं कापड घेऊ का असं शेवटी विचारलंयस. सुंदर दिसेल, पहिल्या दिवशी. कडेला कायम अंगठा लागतो तिथे महिन्यात काळपट डाग पडतो आणि तो निघत नाही, खोडरबरानेही नाही. राखाडी घे नाहीतर मातकट, अप्पा बळवंत चौकात कागदवाल्यांकडे शेड कार्ड असतं, दिवसा जाऊन उजेडात बघ.